मुलांच्या कर्करोगावरील सुरक्षित उपचारांचे संशोधन गावापर्यंत आणा : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली;
तसेच देशातील बालकर्करोगतज्ज्ञ व संशोधक

विषय : बालकर्करोगावरील उपचारांची सुरक्षितता ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन तपासण्याबाबत

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. मी डॉक्टर नाही आणि संशोधक तर नाहीच. परंतु नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबई येथे कर्करोगावर उपचार घेऊन घरी परतलेल्या मुलांचे आईवडील पन्नीत गुंडाळलेली जाडजूड फाईल घेऊन दुकानात येतात, आणि फाईलमधले औषध माझ्याकडे नसेल तर ते नागपूरच्या ठोक विक्रेत्याकडून मागवून द्यावे लागते. त्या निमित्ताने या औषधांविषयी जे वाचले आणि दुकानाच्या काउंटरवर जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

लहान मुलांच्या कर्करोगावरील उपचार कमी त्रासाचे आणि कमी धोक्याचे व्हावेत यासाठी जगभर चाललेल्या संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या संशोधनात उपचाराची सुरक्षितता बहुतांशी रुग्णालयात मोजली जाते, आणि आमच्याकडचे मूल उपचाराचा मोठा काळ त्या रुग्णालयापासून दीडशे किलोमीटर दूर, भामरागडसारख्या ठिकाणचे असेल तर तीनशे किलोमीटरहूनही दूर, स्वतःच्या घरी काढते. तेथे औषध कसे दिले जाते, ताप आला की काय होते, आणि बरे झाल्यावर दहा वर्षांनी त्या मुलाचे हृदय, कान व बुद्धी कशी आहे, याची मोजणी झाल्याशिवाय एखादा उपचार आमच्या मुलांसाठी सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर पहिल्यांदा एखादे औषध लागू पडले, त्याला आता पाऊण शतक उलटून गेले. बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा ल्युकेमिया, तात्पुरता का होईना, मागे हटवला आणि १९४८ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध आणि त्याच्याच कुळातील मेथोट्रेक्सेट ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते, ही गोष्ट आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही फारशी ठाऊक नसते. पुढे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचे मर्कॅप्टोप्युरिन आले आणि सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. १९६० च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अशी अनेक औषधे एकत्र देऊन त्यांच्या जोडीला मुलाच्या डोक्याला शेक (म्हणजे किरणोपचार) देण्याची पद्धत बसवली, आणि तेव्हा कुठे निम्म्याच्या आसपास मुले कायमची बरी होऊ लागली.

त्या शेकाची किंमत नंतर कळली. मुलांची उंची खुंटली, शाळेतली गती मंदावली, काहींच्या डोक्यात पुढे दुसरी गाठ झाली. म्हणून डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून द्यायची औषधे नेटकी केली आणि शेकाची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नेली. २००९ साली त्याच रुग्णालयातील चिंग-हॉन पुई व सहकाऱ्यांनी ४९८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डोक्याचा शेक सर्वच मुलांसाठी वगळण्यात आला होता आणि तरीही पाच वर्षांनी जिवंत असलेल्या मुलांचे प्रमाण ९३.५ टक्के होते. उपचारातून एखादी गोष्ट काढून टाकायला चाळीस वर्षांचे संशोधन लागते, हे यावरून लक्षात यावे. अंदाजाने डोस कमी केला तर आजार उलटतो, आणि उलटलेल्या आजाराचा उपचार पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक विषारी असतो. त्यामुळे "केमो कमी करा" एवढी मागणी घेऊन मी आलेलो नाही. काय कमी करता येईल हे आमच्या मुलांमध्ये नीट तपासा, एवढेच म्हणतो.

आपल्या देशात असे काम झालेले नाही असे नाही, आणि ते प्रथम सांगितले पाहिजे. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्तकर्करोगाच्या प्रकारात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९८ पासून नव्या रुग्णांना केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन उपचार केले. ज्यांना महागडी केमो व तिच्या पाठोपाठ येणारा जंतुसंसर्ग परवडणारा नव्हता, अशा रुग्णांसाठी तो मार्ग होता; २००६ साली ७२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की आजार दीर्घकाळ आटोक्यात राहतो आणि विषबाधा अत्यल्प होते. आज या आजारात जगभर मुलांनाही आर्सेनिक व रेटिनॉइक आम्ल देऊन नेहमीची केमो जवळजवळ टाळली जाते. गरिबीच्या अडचणीतून उभे राहिलेले संशोधन श्रीमंत देशांच्या उपयोगी पडले, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. अलीकडे देशातील अनेक केंद्रांनी एकत्र येऊन मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर यादृच्छिक चाचणी केली आणि त्यात स्टेरॉइड कमी दिवस देऊन भागते का, हा आपल्याच परिस्थितीतला प्रश्न विचारला. हेही योग्य दिशेचेच काम आहे.

जगात सध्या काय घडते आहे, तेही पाहावे. मुलांच्या बी-पेशींच्या ल्युकेमियामध्ये नेहमीच्या केमोला ब्लिनाटुमोमॅब या प्रतिपिंडाची जोड दिल्यावर तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या मुलांचे प्रमाण ८७.९ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेले, असा अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा औषधांच्या आधारे पुढे केमोचा भार कमी करता येईल, ही आशा रास्त आहे. परंतु हे औषध सलग २८ दिवस पंपातून थेंबथेंब द्यावे लागते. ज्या खेड्यात उन्हाळ्यात दुपारची वीज जाते आणि रात्रीची कधी येईल हे सांगता येत नाही, तेथल्या मुलाने हे २८ दिवस कोठे काढायचे? शहरात खोली घेऊन राहायचे तर बापाची मजुरी बुडते. मात्रा कमी करून किंवा दिवस कमी करून हे औषध तेवढेच गुणकारी ठरते का, हा प्रश्न अमेरिकेतील संशोधकाला निकडीचा वाटण्याचे कारण नाही. तो आपणच विचारायचा आहे.

दुसरे उदाहरण कानाचे. सिस्प्लॅटिन हे यकृताच्या, हाडांच्या व मेंदूच्या काही गाठींवरील जुने आणि खात्रीचे औषध. पण त्याने अनेक मुलांची ऐकण्याची शक्ती कायमची जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत यकृताची गाठ असलेल्या मुलांना सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले, तेव्हा बहिरेपणाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यताही मिळाली. मात्र आजार शरीरभर पसरलेला नसेल तरच, कारण पसरलेल्या आजारात ते वापरण्याविषयी एका वेगळ्या चाचणीने शंका उत्पन्न केली होती. थायोसल्फेट म्हणजे काही नवलाईचा रेणू नव्हे. सायनाइडच्या विषबाधेवर ते फार पूर्वीपासून दिले जाते आणि जुन्या छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत ते "हायपो" म्हणून असायचे. इतक्या साध्या रसायनाने एखाद्या मुलाचे ऐकणे वाचत असेल, तर यवतमाळच्या मुलाला ते कोणत्या रुग्णालयात आणि काय किमतीत मिळेल, हे ठरवणे संशोधनाचाच भाग मानले जावे. औषध सिद्ध झाले म्हणजे आपले काम संपले, असे आपल्या अनेक अहवालांच्या सुरावरून वाटते.

आता घरच्या औषधांकडे येतो, कारण मला प्रत्यक्ष माहीत असलेला भाग तोच आहे.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार अडीच ते तीन वर्षे चालतो आणि त्यातील दोन वर्षांच्या आसपासचा काळ मूल घरीच गोळ्या घेते : मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ५० मिलिग्रॅमची येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती सहसा पूर्ण लागत नाही, म्हणून चिठ्ठीवर "अर्धी", "पाऊण", "एक दिवसाआड अर्धी व एक" असे लिहिलेले असते. एका माउलीने माझ्या काउंटरवर सुपारीच्या अडकित्त्याने ही गोळी कापून दाखवली होती. दोन तुकडे सारखे झाले नाहीत. फिकट पिवळा भुगा काचेवर सांडला, तो तिने बोटाने टिपून कागदाच्या पुडीत घातला आणि "हे उद्याच्यात टाकते" म्हणाली. ती निष्काळजी नव्हती. दिनदर्शिकेवर प्रत्येक दिवसाची खूण तिने लाल पेन्सिलीने केलेली होती आणि आठवड्याच्या गोळीचा वार वेगळ्या रंगाने रंगवलेला होता. पण हे औषध उघड्या हाताने हाताळायचे नसते, विशेषतः गरोदर बाईने तर नाहीच, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज दिले गेले तर ते प्राणावर बेतते, हे औषधाच्या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो; घरात ज्याला वाचता येते तो कापूस वेचायला वावरात गेला असेल आणि गोळी आजीने द्यायची असेल, तर हा धोका कागदावरचा राहत नाही.

यावर उपाय निघू शकतो याचा पुरावाही आपल्याकडेच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने बेंगळुरूच्या एका औषध कंपनीबरोबर मर्कॅप्टोप्युरिनचे तोंडाने देण्याचे पातळ औषध तयार केले आणि ते २०२५ मध्ये बाजारात आले. युरोपात व अमेरिकेत असे औषध दहा-बारा वर्षांपूर्वीच आले होते; उशीर झाला, पण काम मोलाचे झाले. त्यापुढचा प्रश्न असा की, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली ती बाटली ठेवायची कशी, मात्रा मोजण्याची पिचकारी निरक्षर आईला समजेल अशा खुणांची आहे का, आणि मध्यंतरी औषध संपले तर ते तालुक्याला मिळेल का. हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो एखादा संशोधन सहायक, जो दर महिन्याला घरी जाऊन उरलेल्या गोळ्या आणि बाटलीतले औषध मोजेल.

मात्रेचा प्रश्न केवळ गोळी कापण्यापुरता नाही. मर्कॅप्टोप्युरिन पचवण्याची शक्ती जनुकांवर अवलंबून असते, आणि पाश्चात्त्य देशांत बराच काळ टीपीएमटी या एकाच जनुकाचा विचार झाला. २०१४-१५ च्या सुमारास कोरियातील रुग्णांच्या व नंतर ल्युकेमियाच्या मुलांच्या अभ्यासांतून एनयूडीटी१५ हे दुसरे जनुक पुढे आले. त्यातील दोष पूर्व व दक्षिण आशियाई लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बराच अधिक आढळतो. असा दोष असलेल्या मुलाला पुस्तकी मात्रा दिली तर पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा संसर्गही जिवावर बेततो. मात्रा कशी कमी करावी याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आज उपलब्ध आहेत. गोंड, कोलाम, परधान, बंजारा अशा आमच्या समाजांतील मुलांमध्ये या दोषाचे प्रमाण किती आहे, हे पाहण्याचा अभ्यास परिषदेने हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ही चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते आणि मूल निदानासाठी नागपूरला गेलेले असतानाच तिचे रक्त घेता येते.

विदर्भाचे रक्त आणखी दोन गोष्टींमुळे वेगळे आहे, आणि त्यांची नोंद बाहेरच्या चाचण्यांत होईलच असे नाही. पहिली सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे घराघरांत या आजाराचे नाव माहीत आहे. केमोने पेशी कमी झाल्यावर त्या वाढवण्यासाठी जे फिलग्रास्टिम टोचले जाते, त्याने सिकलसेलच्या रुग्णाला जिवावरचा झटका येऊ शकतो, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. दुसरी जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता. गडचिरोलीतील डॉक्टर मलेरियावर प्रायमाक्विन देताना या कमतरतेचा विचार करतात. तीच कमतरता असलेल्या मुलाला गाठ झपाट्याने विरघळताना वाढणाऱ्या युरिक आम्लासाठी रास्ब्युरिकेज दिले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे दुष्परिणाम कमी करण्यासाठी दिलेली औषधेच आमच्या काही मुलांना अपायकारक ठरू शकतात. केमो सुरू होण्यापूर्वी या दोन्ही चाचण्या व्हाव्यात आणि त्यांचे निकाल चाचणीच्या नोंदीत असावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कुपोषण हा तिसरा विषय, त्यावर मेळघाटच्या संदर्भात इतके लिहिले गेले आहे की मी लांबवत नाही. मेथोट्रेक्सेट फॉलिक आम्लाच्या वाटेत अडथळा आणूनच काम करते. ज्याच्या शरीरात ते आम्ल आधीच कमी आहे त्याला तोंड येणे, जुलाब आणि पेशी घटणे अधिक सोसावे लागेल, हे ओघाने आले. त्यावर काय करावे हे ओघाने येत नाही, कारण फॉलिक आम्ल सढळ हाताने दिले तर औषधाचाच परिणाम कमी होण्याची भीती असते. म्हणून येथे चाचणी हवी, सल्ला पुरेसा नाही.

आता तापाविषयी. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन मिळावे, असा जगन्मान्य नियम आहे. "रुग्णालयात पोहोचल्यापासून" हे शब्द आमच्यासाठी सगळा नियम फिरवून टाकतात. रात्री नऊला ताप भरला तर शेवटची एसटी गेलेली असते. गाडी भाड्याने करायची तर गावात गाडीवाला शोधावा लागतो. १०८ ची रुग्णवाहिका ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेते आणि तेथील डॉक्टर, फाईल पाहून, "हे आमच्याकडचे नाही, नागपूरला न्या" असे सांगतात. त्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. असे मूल त्यांच्याकडे क्वचितच येते आणि काय करावे याचा एकही कागद त्यांच्या टेबलावर नसतो. मात्र जे इंजेक्शन द्यायला हवे, ते बहुधा त्याच इमारतीच्या औषधकोठारात असते. आपल्यासारख्या देशांत उपचारादरम्यान दगावणाऱ्या मुलांमध्ये जंतुसंसर्ग हे मोठे कारण आहे, हे सर्व बालकर्करोगतज्ज्ञ जाणतात. मग पहिले इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात देऊन, फोनवर केंद्राशी बोलून, त्यानंतर मुलाला पुढे पाठवले तर किती जीव वाचतात, याची चाचणी विदर्भातल्या दोन-तीन जिल्ह्यांत का होऊ नये? नवा रेणू शोधण्यापेक्षा हे काम कमी प्रतिष्ठेचे वाटेल. माझ्या मते सुरक्षित उपचाराचे याहून निकडीचे संशोधन आज आमच्या भागात दुसरे नाही.

औषधांच्या दर्जाबद्दल एका विक्रेत्याने बोलणे काहींना खटकेल, तरी बोलतो. ॲस्परॅजिनेज हे ल्युकेमियाच्या उपचारातले कळीचे औषध आहे आणि ते एका जिवाणूपासून मिळवलेले विकर असल्याने प्रत्येक कारखान्याचा माल सारखाच निघेल याची हमी नसते. भारतात व ब्राझीलमध्ये झालेल्या अभ्यासांत काही उत्पादनांची क्रियाशीलता मुलांच्या रक्तात अपेक्षेपेक्षा कमी भरली. असे औषध दिले गेले तर ॲलर्जीचा धोका मूल पत्करते आणि आजार मात्र पुरेसा दबत नाही. रक्तातील क्रियाशीलता मोजण्याची सोय मोजक्या केंद्रांत आहे. ती नागपूरमध्ये असावी आणि तिचे निकाल औषध नियंत्रकांपर्यंत जावेत. शासनाची खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर होत असेल, तर त्या दरात काय मिळाले हे मोजणारा कोणीतरी पाहिजे.

उपचाराची भीती हीच काही मुलांचा घात करते, हेही येथे नमूद करतो. केस गेले, तोंड आले, मूल जेवत नाही, अशा अवस्थेत कोणीतरी "एक पैसाही साइड इफेक्ट नाही" म्हणत काढा विकतो आणि आईबाप नागपूरची तारीख चुकवतात. आमच्याकडे तर सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध निघते हे कळल्यापासून अंगणातल्या सदाफुलीचा रस पाजणारेही भेटले. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात आणि ते औषध चुकीच्या मात्रेत नसांवर घाला घालते, हे सांगून मी थकलो. लोक अडाणी आहेत म्हणून हे घडते, असे मानू नये. उपचाराचा त्रास खरोखरच मोठा आहे, आणि तो जितका कमी होईल तितकी मुले उपचार अर्धवट सोडणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. या दरीत उपचार सोडून देणाऱ्या मुलांचाही वाटा आहे.

बरे झालेल्या मुलांकडे वळतो. उत्तर अमेरिकेत १९९४ पासून बालकर्करोगातून वाचलेल्यांचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातील दहा हजारांहून अधिक जणांची माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ६२.३ टक्के लोकांना किमान एक दीर्घकालीन विकार आणि २७.५ टक्क्यांना गंभीर किंवा जिवावरचा विकार जडलेला आढळला. ही माहिती होती म्हणूनच उपचार सौम्य करण्याचे बळ संशोधकांना मिळाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उपचार घेतलेल्या व पाच वर्षे जगलेल्या मुलांत पुढच्या दहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण १२.४ टक्के होते, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मुलांत ६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग १९९१ पासून आहे आणि बहुकेंद्री नोंदणीचा अभ्यासही सुरू झालेला आहे. पण त्या नोंदीत राहते ते मूल, जे तारखेला रुग्णालयात जाते. पाच वर्षांनी, दिसायला ठणठणीत असलेल्या मुलाला घेऊन, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मुंबईला कोण जाईल?

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी गहिरी आहे. लग्न जमवताना आजार लपवला जातो. काही घरांत फाईल जाळूनही टाकतात. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन या औषधांनी हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात आणि त्याचा पत्ता अनेकदा गरोदरपणातच लागतो. सासरच्या गावातील परिचारिका तिचा रक्तदाब घेते, लोहाच्या गोळ्या देते. लहानपणी तिला किती मात्रा दिली गेली होती, हे सांगणारा कागद राखेत गेलेला असतो. म्हणून प्रत्येक मुलाला उपचार संपताना मराठीत, एका पानात, कोणते औषध एकूण किती दिले गेले, शेक कोठे दिला आणि पुढे कोणती तपासणी किती वर्षांनी करायची, हे लिहून द्यावे. आणि त्याची प्रत रुग्णाच्या संमतीशिवाय कोणालाही उघडता येणार नाही अशा रीतीने शासकीय नोंदीत ठेवावी. सिकलसेलची कार्डे आमच्या आरोग्यसेविका सांभाळतात, त्यामुळे असे कागद गावपातळीवर जपता येतात हे त्यांना शिकवावे लागणार नाही. शाळांपर्यंतही थोडी माहिती जायला हवी. सिस्प्लॅटिन घेतलेला मुलगा मागच्या बाकावर बसून उत्तर देत नसेल तर त्याचे कान तपासायचे असतात, हे गुरुजींना कळले नाही तर त्या मुलाची गणना मठ्ठांत होते.

संमतीविषयी एक गोष्ट. नव्या औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम आहेत, चाचण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, सात वर्षांवरील मुलाचीही होकारार्थी संमती घ्यावी लागते. कागदावर सारे ठीक आहे. तरीही आमच्याकडे "संशोधन" म्हटले की "पोरावर प्रयोग करतात" अशी समजूत होते, आणि बारा पानांचे संमतीपत्र पुस्तकी मराठीत वाचून दाखवल्याने ती जात नाही. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या माउलीशी तिच्या भाषेत, तिच्या गावातल्या आशाताईच्या उपस्थितीत बोलावे लागेल. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि तसे केल्याने उपचार थांबत नाहीत, हे तिला दोनदा सांगावे लागेल. तिने विचारले, "यात माझ्या लेकराचं काय भलं?" तर त्याचे प्रामाणिक उत्तर तयार असावे.

परिषदेकडे माझी मागणी नेमकी आहे. बालकर्करोगावरील प्रकल्पांसाठी पुढील वेळी प्रस्ताव मागवाल, तेव्हा त्यात तीन अटी घाला. सहभागी मुलांपैकी ग्रामीण मुलांचे प्रमाण आणि त्यांच्या घरापासून केंद्राचे अंतर अहवालात द्यावे लागेल. घरी घेतलेल्या औषधांची व घरी आलेल्या तापाची नोंद रुग्णालयातील नोंदीइतकीच काटेकोरपणे ठेवावी लागेल. आणि उपचार संपल्यानंतर किमान दहा वर्षे त्या मुलांचा माग ठेवण्याचा खर्च प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात असेल. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागतो, पण हा माग ठेवण्याचे काम विमा योजनेचे नाही. ते संशोधनाच्याच पैशातून व्हायला हवे. नागपूरमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व राष्ट्रीय कर्करोग संस्था आहेत आणि जवळच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. यांपैकी कोणत्याही दोघांनी एकत्र येऊन तापाची चाचणी हाती घेतली, तर यवतमाळ, गडचिरोली आणि मेळघाटचा भाग त्यात घेता येईल.

आमच्या तालुक्यातील औषध विक्रेत्यांशी मी बोललो आहे. पहिल्या इंजेक्शनच्या कुप्या, मात्रेचा तक्ता आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक रात्रीही उपलब्ध ठेवण्याची आमची तयारी आहे. फक्त तो तक्ता कोणत्या मुलासाठी कसा असावा, हे तुमच्या डॉक्टरांनी लिहून व सही करून द्यायचे आहे. शक्य झाल्यास तो येत्या पावसाळ्यापूर्वी मिळावा, कारण तापाचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

कळावे,

आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता,
जिल्हा यवतमाळ